भाड्याचं घर, आपला रंग : चार्ल्सटनचा प्रकरण अभ्यास

जुनं घर सजवायचं मनात आलं की दोन शंका वाट अडवतात. घर आपल्या मालकीचं नसेल तर त्यावर कष्ट का घ्यायचे? आणि घ्यायचेच, तर पैसा कुठून आणायचा? इंग्लंडमधल्या ईस्ट ससेक्स भागात लुईस गावाजवळ चार्ल्सटन नावाचं एक शेतघर आहे. तिथे राहायला आलेल्या चित्रकारांपुढे या दोन्ही अडचणी होत्या, शिवाय महायुद्ध चालू होतं. ते घर त्यांनी कधीही विकत घेतलं नाही. साठाहून जास्त वर्षं ते भाड्यानंच राहिले. तरीसुद्धा राहणाऱ्यांचा हात दारावर, पलंगावर, लाकडाच्या पेटीवर इतका ठायी ठायी दिसतो असं दुसरं घर मला माहीत नाही.

या घराबद्दल बहुतेक वेळा बोललं जातं ते तिथल्या माणसांच्या प्रेमप्रकरणांबद्दल किंवा तिथे येऊन गेलेल्या नामवंतांबद्दल. मला इथे घराकडेच पाहायचं आहे. काय हाती होतं, काय नव्हतं, आणि त्यातून कोणकोणते निर्णय झाले, एवढंच.

घर कसं मिळालं

1916 साली ब्रिटनमध्ये सक्तीची लष्करभरती लागू झाली. चित्रकार डंकन ग्रँट आणि त्याचा मित्र डेव्हिड गार्नेट यांचा लढाईला तत्त्वतः विरोध होता. अशा माणसांना तुरुंगाबाहेर राहायचं तर देशाच्या उपयोगाचं काम पत्करावं लागे, आणि शेतमजुरी त्यात बसत असे. त्यांनी आधी सफोकमध्ये स्वतःच फळबाग सांभाळून पाहिली. पण स्वतःच्या मर्जीनं केलेलं काम चालणार नाही, कुणाच्या तरी हाताखाली राबावं लागेल, असं अधिकाऱ्यांनी ठरवलं. मग शेतकऱ्याकडे काम आणि जवळपास राहायला जागा अशी शोधाशोध सुरू झाली.

चार्ल्सटन सुचवलं लेखिका व्हर्जिनिया वुल्फनं. तिची थोरली बहीण व्हेनेसा बेल ही स्वतः चित्रकार, आणि डंकनची जन्मभराची सोबतीण. घराला तळं आहे, फळझाडं आहेत, भाजीचा मळा आहे, सगळं रान माजलंय पण तू ते सुंदर करशील, अशा आशयाचं पत्र व्हर्जिनियानं बहिणीला धाडलं. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात व्हेनेसा, तिची दोन लहान मुलं ज्युलियन आणि क्वेंटिन, डंकन आणि गार्नेट असे सगळे तिथे राहायला आले. घर फर्ल इस्टेटीचं, टेकड्यांच्या पायथ्याशी एकाकी उभं असलेलं. वीज नव्हती. गरम पाण्याची सोय नव्हती, गार पाणीसुद्धा हातपंपानं चढवावं लागे. घर थंड आणि दमट होतं.

अशा घरात आपण असतो तर आधी काय केलं असतं? छप्पर, नळ, चुली, खिडक्यांच्या फटी. त्यातलं जेवढं अगदी अडलं तेवढं त्यांनीही केलं, पण हिवाळा तोंडावर असताना त्यांनी लगेच रंगही काढले. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. घर आधी ठाकठीक होऊ दे, मग सजवू, असं म्हणत बसले असते तर युद्धाच्या त्या वर्षांत सजवणं कधीच झालं नसतं.

आधीच्या घरांचा धडा

व्हेनेसा चार्ल्सटनला कोऱ्या मनानं आली नव्हती. तिचं बालपण लंडनमध्ये 22 हाइड पार्क गेट इथल्या उंच, अंधाऱ्या घरात गेलं होतं. जड पडदे, काळं लाकूडकाम, माणसांनी आणि सामानानं ठासून भरलेले मजले. वडील गेल्यावर 1904 साली भावंडं लंडनच्याच ब्लूम्सबरी भागातल्या 46 गॉर्डन स्क्वेअरला आली तेव्हा व्हेनेसानं भिंती पांढऱ्या केल्या, उजेड आत घेतला. पण वारशातलं सगळंच तिनं टाकून दिलं नाही. त्यांची आजी आणि प्रसिद्ध छायाचित्रकार ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन या बहिणी होत्या. कॅमेरॉननं काढलेली छायाचित्रं नव्या घराच्या पांढऱ्या भिंतींवर लागली, आणि जुन्या घराच्या काळोखात जे कुणाच्या नजरेत भरलं नसतं ते तिथे उठून दिसू लागलं.

दुसरी तयारी ओमेगा वर्कशॉप्सची. कलासमीक्षक आणि चित्रकार रॉजर फ्रायनं 1913 साली लंडनमध्ये ही कार्यशाळा काढली. व्हेनेसा आणि डंकन तिचे सहसंचालक. चित्रकारांनी फक्त कॅनव्हास न रंगवता टेबलं, पडदे, भांडी, पडद्यांची कापडं यांवरही काम करावं, असा तिचा हेतू होता. वस्तूवर कुणा एकाची सही नसे, फक्त ओमेगा हे ग्रीक अक्षर. कार्यशाळा 1919 मध्ये बंद पडली, पण तिथे बसलेली सवय चार्ल्सटनच्या भिंतींवर उतरली: वस्तू साधी, स्वस्त, प्रसंगी ओबडधोबड असली तरी चालेल, वरचा हात जिवंत हवा.

म्हणूनच, हे चित्रकार होते, त्यांना जमणारच, हा आक्षेप मला अर्धाच पटतो. चित्रकला त्यांना येत होती, हे उघड आहे. पण तिथलं कितीतरी काम मुद्दामच कौशल्य न दाखवणारं आहे. हातानं काढलेली, नीट गोल न झालेली वर्तुळं, आडव्यातिडव्या रेघा, ठिपके, ढोबळ फुलदाण्या. कंपास घेऊन काढलेलं वर्तुळ तिथे एकही शोभलं नसतं.

कोंबडा आणि कुत्रा

सगळ्या घरातला मला सर्वांत बोलका वाटणारा भाग एका खिडकीभोवती आहे. सुरुवातीच्या दिवसांत ही व्हेनेसाची झोपायची खोली होती. डंकननं खिडकीच्या वर एक कोंबडा रंगवला, तो सकाळी तिला उठवायला. खिडकीच्या खाली एक कुत्रा रंगवला, तो रात्री तिची राखण करायला. तो कुत्रा घरातलाच, हेन्री नावाचा.

हे काम काय आहे ते पाहा. त्यात महागडं काही नाही. खिडकीचा आकार बदललेला नाही, चौकट बदललेली नाही, नवी वस्तू आणलेली नाही. खिडकीच्या वरची आणि खालची जागा, जी कुठल्याही घरात रिकामीच असते, ती एका ठरावीक माणसाच्या दिवसाशी जोडली गेली. चित्र कुणी काढलं, कुणासाठी काढलं आणि कशासाठी, तिन्हींची उत्तरं घरातच आहेत. घराला व्यक्तिमत्त्व यायला याहून वेगळं काही लागतं असं मला वाटत नाही. बाजारातून आणलेल्या सुंदर चित्रालाही हे साधत नाही, कारण ते कुणाच्याही घरी गेलं असतं.

असाच एक पलंग आहे. डंकननं तो व्हेनेसासाठी रंगवला. डोक्याच्या बाजूला स्वप्नांचा ग्रीक देव मॉर्फियस, पायाच्या बाजूला तिच्या नावाची आद्याक्षरं. जळणाचं लाकूड ठेवायच्या पेटीवर त्यानं वाद्यं वाजवणारे आणि नाचणारे देवदूत काढले. जळणाची पेटी! घरातली सर्वांत दुर्लक्षित, राखेनं मळणारी वस्तू. पण थंडीच्या दिवसांत माणसं तिच्याच भोवती बसत, दर थोड्या वेळानं तिच्यात हात घालत. नजर आणि हात जिथे सारखे जातात तिथे काम करायचं, हा हिशेब त्यांनी बोलून दाखवला असो वा नसो, घरभर तोच दिसतो. दारांच्या फळ्या, शेकोटीच्या दोन्ही बाजू, खिडक्यांच्या कडा, कपाटांची दारं. मोठ्या कोऱ्या भिंतींपेक्षा या जागांवरच आधी रंग चढला.

पुढे 1939 मध्ये व्हेनेसा तळमजल्यावरच्या खोलीत गेली. व्हेनेसाचा नवरा क्लाइव्ह बेल कायमचा राहायला आला आणि कोंबड्याची खोली पुस्तकांची झाली. खोलीचं काम बदललं तरी कोंबडा आणि कुत्रा कुणी पुसले नाहीत. जुन्या घरात एका काळाची खूण दुसऱ्या काळात अशीच शिल्लक राहते. सजावटीचा नवा बेत आखताना आपण बहुधा ती आधी खरवडून काढतो, आणि ते मला नेहमी खटकतं.

भिंत आणि तिचा रंग

इथे जरा तांत्रिक गोष्टीत शिरायला हवं, कारण जुन्या घरांचं नुकसान होतं ते बहुतेक वेळा इथेच.

चार्ल्सटनच्या भिंतींना प्रामुख्यानं जुन्या पद्धतीचा डिस्टेंपर लावलेला होता: खडूची पूड, सरस, पाणी आणि त्यात कालवलेला कोरडा रंग. घरच्या घरी, हवी ती छटा मिळेपर्यंत कालवता येतो. वाळला की मऊ, पावडरीसारखा, न चमकणारा पोत येतो आणि ओला असतानापेक्षा छटा बरीच फिकट होते. व्हेनेसाच्या खोल्यांतले ते धुरकट राखाडी, फिके पिवळे, मातकट रंग या पोतामुळेच इतके खोल वाटतात. तोच रंग प्लॅस्टिक इमल्शनमध्ये जुळवून लावला तर छटा जुळेल, पण भिंत मेल्यासारखी दिसेल.

दिसण्यापलीकडेही एक कारण आहे. जुन्या घरांच्या पायात ओल अडवणारा थर नसतो. जमिनीतलं पाणी भिंतीतून वर चढतं आणि पृष्ठभागावरून उडून जातं. चुन्याचा गिलावा आणि खडूचा रंग या ओलीला वाट देतात. त्यावर सिमेंटचा गिलावा किंवा प्लॅस्टिकचा रंग चढवला की वाट बंद होते, ओल आतच कोंडते, मग फुगे येतात, पोपडे निघतात, लोणा फुटतो. घरमालक म्हणतो जुनी भिंतच वाईट. भिंत वाईट नसते, तिचा श्वास कोंडलेला असतो. जुन्या घरात कुठलीही कलाकुसर करण्याआधी भिंत कशाची आहे आणि तिच्यावर आत्ता काय लावलंय, हे खरवडून पाहणं मी सक्तीचं मानते.

या रंगाचे तोटेही आहेत. हात घासला की पूड लागते. पाण्यानं पुसता येत नाही. थरावर थर चढवत गेलं तर जुना थर सुटतो, म्हणून पुन्हा रंगवण्याआधी तो धुऊन काढावा लागतो. आणि चार्ल्सटनच्या मंडळींनी याहून एक पाऊल पुढची बेफिकिरी केली. लाकडावर अस्तर न लावता, पृष्ठभाग नीट तयार न करता ते भराभर रंगवत सुटले. शंभर वर्षं टिकेल अशा हिशेबानं त्यांनी काहीच केलं नव्हतं. त्यांच्या दृष्टीनं ते बरोबरच होतं, कारण कंटाळा आला की वरून दुसरं रंगवायची मुभा होती. नंतर हे घर जपायला आलेल्यांना मात्र त्याची किंमत मोजावी लागली.

काळी जेवणखोली

ज्या बाईनं तरुणपणी अंधाऱ्या घरातून सुटून पांढऱ्या भिंती मागितल्या, तिच्या घरची जेवणखोली 1939 च्या सुमारास काळी झाली. काळ्या भिंतीवर राखाडी आणि पिवळ्या रंगात स्टेन्सिलनं भौमितिक नक्षी. हे काम डंकन आणि तोपर्यंत मोठा झालेला क्वेंटिन यांचं. मधोमध व्हेनेसानं रंगवलेलं गोल टेबल, भोवती फ्रायनं ओमेगासाठी आखलेल्या वेताच्या पाठीच्या लाल खुर्च्या, वर टांगलेली क्वेंटिननं मातीची घडवलेली भोकाभोकांची दिव्याची छत्री.

काळा रंग खोली लहान करतो, असं सर्रास सांगितलं जातं. दिवसभर उजेडाची गरज असलेल्या खोलीत ते खरंही आहे. पण जेवणखोली बहुतांशी संध्याकाळी वापरली जाते. टेबलावर उजेडाचा एक गोल पडतो, भिंती मागे सरतात, उरतात ती माणसांची तोंडं आणि ताटं. काळ्यावर हातानं मारलेली स्टेन्सिल कुठे गडद उमटते, कुठे पुसट, त्यामुळे भिंत जड होत नाही. छापील वॉलपेपरचा नमुना सगळीकडे सारखा असतो, डोळा त्याच्यावरून घसरतो. इथे दर हातभर अंतरावर काहीतरी किंचित वेगळं आहे.

खोलीतल्या वस्तू एका पिढीच्या, एका हाताच्या नाहीत, हेही बघण्यासारखं आहे. लाल खुर्च्या 1913 च्या आसपासच्या, भिंत 1939 ची, टेबलावरचा रंग आणि छत्री त्याही नंतरची. एकाच दुकानातून एकाच दिवशी सगळं आणलं असतं तर ते जुळलं असतं. इथे ते जुळलेलं नाही, ते एकमेकांच्या सवयीचं झालंय.

बाहेरही हेच. बाग आखायला फ्रायची मदत झाली. फुटक्या चिनी मातीच्या भांड्यांचे तुकडे बसवून अंगणातला एक कोपरा फरसबंद केला. भिंतीवर प्लॅस्टरच्या मुखवट्यांसारखी डोकी मांडली. फ्रायच्याच आराखड्यानं 1925 मध्ये घराला चित्रशाळा जोडली गेली. भाड्याच्या घराला नवी खोली जोडणं हे मोठं धाडस, आणि मूळ इमारतीत केलेला तो बहुधा सर्वांत ठळक बदल. बाकी घराचा सांगाडा त्यांनी जसा होता तसा राहू दिला.

घर कुणी चालवलं

या घराच्या मोकळेपणाचं वर्णन करताना एक नाव हमखास मागे राहतं. ग्रेस हिगन्स 1920 साली किशोरवयात व्हेनेसाकडे कामाला लागली आणि पुढे सुमारे अर्धशतक तिनं या घरातला स्वयंपाक, झाडलोट, पाहुणे, मुलं सांभाळली. वीज घरात आली ती 1930 च्या दशकात. त्याआधीचे दिवे, चुली, पाणी यांचा भार कुणावर पडत असेल हे वेगळं सांगायला नको. चित्रकार सकाळी कॅनव्हासपुढे उभे राहू शकत होते, कारण कुणीतरी शेकोट्या आधीच पेटवलेल्या असत. घराच्या सजावटीचा अभ्यास करताना हे बाजूला ठेवलं तर अभ्यास खोटा ठरेल. रंगवलेली जळणपेटी आणि ती रोज भरणारे हात ही एकाच खोलीतली गोष्ट आहे.

पैशाची बाजूही थोडी स्पष्ट करायला हवी. व्हेनेसा गरीब नव्हती, पण घर सजवायला मोकळा पैसा होता असंही नाही. बरंचसं सामान वारशाचं, स्वस्तात मिळालेलं, किंवा ओमेगातून उरलेलं. पुढे फ्रान्सच्या दक्षिणेला कासी इथे त्यांचं येणंजाणं वाढलं आणि तिकडची साधी मातीची भांडी घरात आली. या वस्तूंत एक समान धागा आहे: प्रत्येकीची हकीकत घरातल्या कुणाला तरी ठाऊक होती.

माणसं गेल्यावर

1940 मध्ये लंडनवरच्या बॉम्बहल्ल्यात व्हेनेसा आणि डंकन यांच्या तिथल्या चित्रशाळा उद्ध्वस्त झाल्या, त्यातली चित्रंही गेली. चार्ल्सटन वाचलं, आणि त्यामुळे त्यांच्या हातच्या कामाचा सर्वांत मोठा साठा याच भाड्याच्या घरात उरला. व्हेनेसा 1961 मध्ये याच घरात वारली, क्लाइव्ह 1964 मध्ये गेला. डंकन 1978 मध्ये गेला. दोघा चित्रकारांची थडगी फर्लच्या चर्चच्या आवारात शेजारी शेजारी आहेत.

मग खरा पेच उभा राहिला. घर ओलसर, रंग सुटत चाललेले, कापडं विरलेली. 1980 मध्ये चार्ल्सटन ट्रस्ट स्थापन झाला, घर ताब्यात घेऊन दुरुस्त करण्यात आलं आणि 1986 मध्ये ते लोकांसाठी उघडलं. काही कापडं जुन्या नमुन्यांवरून नव्यानं छापून घेतली गेली. पण जे घर सतत पुन्हा रंगवलं जात होतं ते जपायचं कोणत्या वर्षाचं? एक थर वाचवायचा तर त्याखालचा कायमचा झाकला जातो. पोपडा चिकटवायचा, की तिथे नवा रंग भरायचा? डंकन असता तर त्यानं ब्रश उचलून दुसरंच काही काढलं असतं. ट्रस्टला तसं करता येत नाही, आणि करूही नये.

जपणं भागच होतं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण जपलेल्या चार्ल्सटनची नक्कल करणं मात्र मला पटत नाही, आणि ती फार होते. तीच वर्तुळं, त्याच फुलदाण्या, तोच धुरकट निळा, कुशनांवर, कपांवर, भिंतींवर. कुणी आपल्या खिडकीवर तोच कोंबडा काढला तर चित्र छान दिसेल, पण तो कुणाला उठवणार? त्या घरातला माणूस कदाचित रात्रपाळीहून सकाळी घरी येऊन झोपत असेल, आणि त्याच्या खिडकीला वेगळंच काही हवं असेल.

ट्रस्टनं पुढे काय केलं तेही या प्रकरणाचाच भाग आहे. येणाऱ्यांची संख्या वाढली, प्रदर्शनांना जागा हवी झाली. ती जुन्या खोल्यांत कोंबली गेली नाही. 2018 मध्ये आवारातच, शेताच्या जुन्या इमारतींच्या बाजूला, प्रदर्शनाची नवी दालनं उघडली. नव्या गरजा तिकडे गेल्या आणि घरातल्या खोल्यांना घर म्हणून राहता आलं.